चिंचोक्यांच्या पिशवीबद्दल आभार

ताई, सप्रेम नमस्कार.

जूनमध्ये पहिलीत बसणारी बरीच मुलं शंभरपर्यंत घडाघडा म्हणून दाखवतात. पण ‘सहा चिंचोके दे बरं’ म्हटलं की मूठभर उचलून पुढे करतात. तुमच्या अंगणवाडीतून आलेली मुलं सहा मोजतात, हातावर ठेवतात आणि थांबतात. वाळवा तालुक्यातल्या पहिलीच्या वर्गांवर असणाऱ्या आम्हा शिक्षिकांचं निम्मं काम त्या थांबण्यानं हलकं होतं. हे सगळं तुम्ही आयांकडून घरी करून घेतलंत, म्हणून हे पत्र उघडपणे लिहितोय.

तुम्ही घरोघरी दिलेली ती कापडी पिशवी! वीस चिंचोके, शाळूच्या चिपाडाच्या बोटभर लांबीच्या कांड्या, चार रबर आणि अंड्यांच्या ट्रेचा कापलेला तुकडा. त्यातला ट्रेचा तुकडा आम्हाला सगळ्यात आवडला. तीस खळग्यांच्या ट्रेमधून पाच-पाचच्या दोन ओळी कापायच्या. वरची ओळ डावीकडून पूर्ण भरायची, मगच खालची. सात चिंचोके ठेवले की वर पाच, खाली दोन, आणि तीन खळगे रिकामे. काही दिवसांनी पोर न मोजता ‘सात’ म्हणतं, आणि दहाला तीन कमी आहेत हेही त्याला समोर दिसतं. कुठल्याही खळग्यात कसेही टाकू दिले की हा फायदा जातो. मग ट्रे काय नि जमीन काय, सारखंच. घरी तीन वर्षांच्या आतलं भावंड असेल तर चिंचोक्यांऐवजी त्याच्या तोंडात मावणार नाहीत अशी मोठी झाकणं द्यायची, कारण चिंचोका नाकात जातो, घशात अडकतो, हे तुम्ही प्रत्येक आईला बजावलंत तेही बरं झालं.

मोजताना मूल का चुकतं, हे तुम्ही आयांना नेमकं सांगितलंत. तोंड पुढे पळतं, बोट मागे राहतं. किंवा गोल पसरलेल्या ढिगात एकाच चिंचोक्यावर दोनदा बोट पडतं. उपाय एवढाच की मोजलेला चिंचोका उचलून दुसऱ्या वाटीत टाकायचा आणि टाकतानाच आकडा म्हणायचा. मोजून झालं की ढिगावर हात झाकून विचारायचं, ‘किती झाले?’ पोर पुन्हा एकपासून सुरू करायला बघत असेल, तर शेवटचा आकडा म्हणजे सगळ्यांची मिळून संख्या हे त्याला अजून उमगलेलं नाही. तेव्हा बेरजेची घाई करायची नाही.

बेरजेतली नेहमीची चूक एकाची असते. मुठीत पाच, बाहेर तीन. मूल बाहेरच्या पहिल्या चिंचोक्यावर बोट ठेवून ‘पाच’ म्हणतं, पुढे ‘सहा, सात’, आणि उत्तर सात येतं. ‘पाच’ हा शब्द मुठीवर थाप मारून म्हणायचा, बाहेरच्या पहिल्याला थेट ‘सहा’. हे आयांना तुम्ही हात धरून करून दाखवलंत. बोटं मोजू नकोस, असं आमच्यातल्याही काहीजणी म्हणायच्या. आता म्हणत नाहीत. फक्त आजी बोटांच्या पेरांवर मोजते, एका बोटावर तीन, आणि नातू अख्खी बोटं मोजतो. दोघं एकत्र बसले की कोणती रीत चाललीय ते आधी ठरवून घ्यावं लागतं.

वीसच्या पुढे तर मराठीच मुलांची परीक्षा बघते. ‘पंचवीस’मध्ये पाच आधी ऐकू येतो, म्हणून मूल ५२ लिहितं. ‘एकोणतीस’मध्ये तीस ऐकू येतात, म्हणून ३९. हा पोराचा निष्काळजीपणा नव्हे, कान बरोबर ऐकतोय. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘वीस एक, वीस दोन’ असं वाचन आलं तेव्हा चेष्टा फार झाली, जुनी नावं सोबत होती तरीही. आमचं मत विचाराल तर दोन्ही लागतात. चिपाडाच्या दहा कांड्यांना रबर लावून जुडी करायची. दोन जुड्या नि पाच सुट्या समोर ठेवून आधी ‘वीस पाच’ म्हणायचं, लगेच ‘पंचवीस’. जुडी मुलानं स्वतः बांधायला हवी. आयती बांधून दिली की त्याच्या लेखी ती एकच काडी असते. अंक गिरवायची घाई तुम्ही केली नाहीत, तेही योग्यच. ३ आणि ६ आरशातल्यासारखे उलटसुलट आहेत, ते गोंधळणारच.

भाकरीचं तर काय सांगावं! अर्धी, चतकोर, नितकोर हे शब्द तव्याशेजारी बसून शिकलेल्या मुलाला अपूर्णांकांचं चित्र आधीच ठाऊक असतं. दोन चतकोर जोडून अर्धी होते का, ते ताटातच लावून बघायचं.

रोज दहा मिनिटं, तीही जेवणाआधी, आणि पोर कंटाळलं की पिशवी बंद, हा तुमचा नियम आम्ही आमच्या पालकसभेत जसाच्या तसा उचललाय. पाहुण्यांसमोर ‘शंभरपर्यंत म्हणून दाखव’ हे मात्र अजून थांबलेलं नाही. त्यावर काही उपाय सुचला तर कळवा.

गेल्या वर्षीचे चिंचोके पावसाळ्यात किडले असतील. शाळेमागच्या चिंचेचे वाळवून डब्यात भरून ठेवलेत, येत्या शनिवारी कुणाच्या तरी हाती पाठवतो. अंड्यांचे ट्रेही आठ-दहा जमलेत, ते कापायचे तेवढे राहिलेत.

तुमच्या,
पहिलीच्या वर्गशिक्षिका
वाळवा तालुका, जिल्हा सांगली