एआयला थांबवायचं बटण समोर हवं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नवी पेठेत आमचं चादरी-टॉवेलचं दुकान आहे. निम्मं गिऱ्हाईक आता व्हॉट्सअ‍ॅपवरच चौकशी करतं, म्हणून सूनबाईने एआयची आपोआप जाणारी उत्तरं सुरू केली. भाव, माप, पार्सलचा खर्च ते नीट सांगतं. रात्री अकराला विचारणाऱ्यालाही उत्तर मिळतं, हा फायदा मोठाच आहे.

पण गेल्या महिन्यात पुण्याच्या एका बाईंनी आहेरासाठी लाल चादरी विचारल्या. रंग जातो का, असा त्यांचा प्रश्न. मी लिहीत होते, ‘पहिल्या दोन धुण्यांत थोडा जाईल, वेगळी भिजवा.’ तेवढ्यात आमच्याच नावाने उत्तर गेलं, ‘रंग अजिबात जात नाही.’ माझंही पाठोपाठ गेलं. त्या म्हणाल्या, ‘यातलं खरं कोणतं धरू?’ मला त्या रात्री झोप लागली नाही. सोलापुरी चादर लोक विश्वासावर घेतात हो.

मग कळलं, एआय थांबवायची बटणं दोन आहेत. एक सगळ्या दुकानाचं, दुसरं त्या एका गिऱ्हाइकाशी चाललेल्या बोलण्यापुरतं. हे दुसरं सेटिंगमध्ये इतकं आत, की घाईत सापडत नाही. बरं, बंद केलं तर सुरू करायचं राहून जातं. अक्कलकोटच्या एकांचा मेसेज असाच दोन दिवस पडून राहिला. आमच्यासारख्या एपीआय खात्यावर, म्हणजे दुसऱ्या सॉफ्टवेअरला जोडलेल्या धंद्याच्या व्हॉट्सअ‍ॅप खात्यावर, गिऱ्हाइकाच्या शेवटच्या मेसेजला 24 तास उलटले की मोकळं उत्तर देता येत नाही, आधी मंजूर झालेला ठरावीक मजकूरच पाठवावा लागतो.

कॅनडात एअर कॅनडा या विमान कंपनीच्या चॅटबॉटने, म्हणजे आपोआप उत्तरं देणाऱ्या प्रोग्रॅमने, एका प्रवाशाला चुकीची माहिती दिली. कंपनीने ‘चॅटबॉटच्या बोलण्याला तोच जबाबदार’ असा बचाव केला. तिथल्या न्यायाधिकरणाने 2024 साली तो फेटाळला आणि प्रवाशाला भरपाई द्यायला लावली. मला ते पटतं. दुकानाच्या नावाने गेलेला शब्द दुकानाचाच.

ही सोय विकणाऱ्यांना माझी विनंती आहे. माणसाने लिहायला घेतलं की त्या बोलण्यात एआय आपोआप थांबावं, पुन्हा सुरू माणसानेच करावं. कुठेकुठे बंद आहे ते वरच मराठीत दिसावं. आणि समोर कोण बोलतंय हे गिऱ्हाइकालाही कळावं.

तोवर आम्ही गल्ल्याशेजारी वही ठेवली आहे. एआय बंद केलं की नाव लिहायचं, आणि रात्री वही पाहूनच शटर ओढायचं.

आपली,
एक दुकानदार, नवी पेठ, सोलापूर