शिबिर घेऊ, पण शेकाचं नको

कराड,
१२ ऑगस्ट

प्रिय वैशाली,

तुझं पत्र मिळालं, बॅनरचा नमुनाही. डीजेला फाटा देऊन मंडळाची पोरं फिजिओथेरपीचं शिबिर घ्यायला निघाली, हे तुझ्याच मागे लागण्याचं फळ असणार. मी येणार, नक्की येणार. फक्त बॅनरवरची ती 'मोफत मशीनचा शेक, एकाच बैठकीत आराम' ही ओळ आधी खोड.

चिडू नकोस, कारण सांगते. असल्या शिबिरांत मी खूप बसले आहे. सकाळपासून रांग लागते, प्रत्येकाला दहा-दहा मिनिटं मशीन लावायचं, 'बरं वाटलं गं पोरी' म्हणत माणूस उठतो आणि संध्याकाळी गोठ्यात वाकला की दुखणं परत हजर. मग गावभर होतं, 'फिजिओथेरपी केली की, काही गुण नाही आला.' जागृती राहिली बाजूला, आपणच उलटा प्रचार करून येतो. मशीनचं काम एवढंच की दुखणं थोडं दबावं, म्हणजे व्यायाम करता यावा. आणि तो व्यायाम ज्याचा त्यानं घरी, रोज करायचा असतो. लोकांना नेमकं हेच कुणी सांगत नाही, कारण ऐकायला कुणाला आवडत नाही!

तुझ्या सासूबाईंचंच घे. 'गुडघ्यातलं वंगण संपलं, आता काय व्हायचंय' म्हणून त्यांनी चालणंच सोडलं, असं तू लिहितेस. झिजलेली कूर्चा, म्हणजे सांध्यातली हाडांवरची गुळगुळीत गादी, मी परत आणू शकत नाही, हे खरं. पण चालणं सोडलं की मांडीचा पुढचा स्नायू वाळतो, सगळा भार सांध्यावर येतो, दुखणं वाढतं आणि माणूस आणखी बसून राहतो. गुडघ्याच्या संधिवाताला पहिला उपचार व्यायाम, असं आता जगभरचे अस्थिरोगतज्ज्ञही सांगतात. त्यांना पलंगावर पाय लांब करून बसव. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेव आणि ती गुडघ्यानं खाली दाबायला सांग. मांडी कडक झाली पाहिजे, हात लावून बघ. पाच मोजेपर्यंत धरायचं, सोडायचं. दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. पुढचं मी आल्यावर बघते.

ती गुंडाळी व्यायाम झाला की काढून ठेव बरं का. सांधा बदलण्याच्या ऑपरेशननंतर तर घरातली माणसं मायेपोटी गुडघ्याखाली उशी सारतात आणि ती रात्रभर तिथेच राहते. पेशंटला बरं वाटतं, पण गुडघा वाकलेल्या स्थितीतच आखडतो आणि मग सरळ होता होत नाही. ऑपरेशनला लाखांत पैसे घातलेले असतात आणि नंतरच्या व्यायामाला 'बघू पुढच्या महिन्यात' म्हणतात. अशा वेळी मला फार राग येतो, तो गिळते.

परवा एक बाई आल्या. पन्नाशीच्या, मधुमेह आहे. उजवा हात मागे जात नव्हता, अंबाडा लेक घालून देत होती. 'नस दबली' म्हणून कुणाकुणाकडून चोळून घेतलं होतं. मी म्हटलं, दोन्ही कोपरं कमरेला चिकटवा, हात पुढे काटकोनात धरा आणि मुठी बाहेरच्या बाजूला न्या. डावी मूठ छान बाहेर गेली, उजवी जागची हलेना. मीच धरून नेऊन पाहिली, तरी नाही. खांदा आखडला होता. मधुमेह्यांत हे जास्त होतं आणि नुसतं सोडून दिलं तर वर्ष-दोन वर्षं, कधी त्याहूनही जास्त रेंगाळतं. असा खांदा चोळून सुटत नाही. काठीनं हात हळूहळू बाहेर ढकलणं, भिंतीवर बोटं चढवणं, हे कंटाळवाणं काम नेटानं करावं लागतं. त्या करतायत. अंबाडा अजून लेकच घालते, पण भांड्यांच्या वरच्या फळीपर्यंत हात पोचायला लागला आहे.

पण शिबिरात मला सगळ्यात जास्त वेळ हवाय तो अर्धांगासाठी. आपल्या गावात अशी माणसं आहेत, तुला घरंही माहीत आहेत. वारं गेलं म्हणतात, खाटेवर ठेवतात आणि चमच्यानं भरवतात. सुधारणा सगळ्यात जोरात होते ती पहिल्या तीनेक महिन्यांत, आणि तोच काळ 'जरा ताकद येऊ दे' म्हणण्यात जातो. मेंदूचा जो भाग वाचलाय तो नवं काम शिकू शकतो, पण पुन्हा पुन्हा करून घेतलं तरच. बरं, आणखी एक. पोरगा बापाला उठवताना लुळा हातच धरून ओढतो. त्या खांद्याला धरून ठेवणारे स्नायू तेव्हा सैल पडलेले असतात, सांधा खाली निसटतो आणि मग आयुष्यभराचं खांद्याचं दुखणं मागे लागतं. कमरेला पट्टा बांधून किंवा पाठीमागून हात घालून कसं उठवायचं, निजवताना लुळ्या हाताखाली उशी कशी द्यायची, हे मी मंडळाच्या पोरांकडूनच करून घेणार आहे. एकानं पेशंट व्हायचं, दुसऱ्यानं उठवायचं. हसतील, पण लक्षात राहील.

तुमच्या अध्यक्षांना ही 'मसाजवाली' काय सांगणार असं वाटत असेल, तर एवढं सांग: आपल्या देशात हे शिक्षण सुरू झालं तेच मुंबईत, १९५२ च्या सुमाराला, केईएम रुग्णालयात. पोलिओची साथ येऊन गेली होती, पोरांचे पाय लुळे पडले होते, तेव्हा जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीनं ती शाळा उभी राहिली. आज चार वर्षांचं शिक्षण, वर इंटर्नशिप. महाराष्ट्रात यासाठी राज्य परिषद आहे, तिथली नोंदणी विचारायचा हक्क प्रत्येक पेशंटला आहे. दोन महिन्यांचा कोर्स करून पाटी लावणारे तालुक्याच्या गावी कमी नाहीत, म्हणून सांगते.

आणि माझ्याकडे यायचंच नाही असे पेशंटही सांगेन. कंबर दुखतेय आणि लघवीवरचा ताबा गेलाय, किंवा पाय एकाएकी लुळा पडलाय, तर व्यायाम करत बसू नका, सरळ मोठ्या दवाखान्यात जा. एरवीची कंबरदुखी बहुतेकांची काही आठवड्यांत उतरते. त्यासाठी महिनाभर आडवं पडायची गरज नसते, उलट हिंडत-फिरत राहिलेला माणूस लवकर सुधारतो. 'मणक्यात गॅप' हे शब्द ऐकून घाबरलेल्यांना हे सांगायला अर्धा तास ठेव. एमआरआयमध्ये दोन मणक्यांमधली गादी सरकलेली दिसते आणि माणसाला काहीच दुखत नाही, असंही पुष्कळदा असतं.

आता कामाचं. मांडव नको, शाळेचा हॉल बघ. तारीख ८ सप्टेंबर मिळाली तर उत्तम, तो जागतिक फिजिओथेरपी दिन असतो. बिनहाताच्या, न हलणाऱ्या खुर्च्या लागतील, प्लास्टिकच्या अजिबात नकोत. साठीच्या पुढच्यांना हात छातीवर बांधून तीस सेकंदांत किती वेळा उठता-बसता येतं ते मोजायचंय. अमेरिकेत पडण्याचा धोका ओळखायला हेच वापरतात, तिथे साठ ते चौसष्ट वयाच्या बाईला १२ च्या खाली आले तर कमी धरतात. आपल्या शेतातल्या म्हाताऱ्या काय करतात बघू, माझी पैज त्यांच्यावर आहे. मात्र शेजारी एक जण धरायला उभा हवा. जुनी लुगडी, उशा, दोन खाटा आण. बायकांसाठी दुपारी वेगळा तास ठेव, पुरुषांना बाहेर काढून. खोकलं की लघवी सुटते, हे बायका चारचौघांत बोलत नाहीत, आणि त्यालाही व्यायाम आहेत.

हार-श्रीफळाचा कार्यक्रम पाच मिनिटांत उरका. जेवायला तुझ्याकडेच येईन, सासूबाईंनी गुंडाळीचा व्यायाम केला की नाही ते तेव्हाच कळेल. बॅनरचा नवा नमुना या आठवड्यात पाठव, छापायला टाकायच्या आधी.

तुझी,
सुजाता