बाबा, कायद्याची वाट पाहू नका

ती. आई-बाबांना सा. न.,

आई, बाबांच्या सायकलसाठी मी पाठवलेलं हेल्मेट अजून खोक्यासकट कपाटावरच आहे, हे तू परवा फोनवर सांगितलंस. मागून बाबांचा आवाजही ऐकला, "एवढं गरजेचं असतं तर सरकारने कायदाच केला नसता का?" मी चिडून फोन ठेवला. चुकलंच. आता शांतपणे लिहितेय.

बाबा, गंमत अशी आहे की सायकलवाल्यांना हेल्मेटची सक्ती करावी का, असं मला कोणी विचारलं तर मी नाहीच म्हणेन. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने १ जुलै १९९० ला लहानथोर सगळ्यांना ही सक्ती केली, जगात सर्वांत आधी. वर्षभरात हेल्मेट घालणारे ३१ टक्क्यांवरून ७५ टक्क्यांवर गेले आणि डोक्याच्या दुखापती घटल्या. पण मेलबर्नच्या रस्त्यांवर मोजणी झाली, तेव्हा सायकल चालवणारी मुलंच बरीच कमी झालेली दिसली. मग दुखापती कमी झाल्या त्या हेल्मेटमुळे किती आणि सायकली घरात पडून राहिल्यामुळे किती, यावर अभ्यासक अजून भांडताहेत. पुढे त्याच शहरात २०१० मध्ये भाड्याच्या सायकली आल्या. दहा मिनिटांच्या फेरीसाठी हेल्मेट कोण बरोबर बाळगणार? लोक फारसे फिरकलेच नाहीत आणि २०१९ मध्ये ती योजना बंद झाली. मेक्सिको सिटीने तशीच योजना आणताना सक्ती आधीच काढून टाकली होती. अमेरिकेतल्या सिएटलमध्ये ती २०२२ मध्ये निघाली, कारण दंडाच्या पावत्या बेघर आणि कृष्णवर्णीय माणसांच्याच हातात जास्त पडत होत्या.

आणि नेदरलँड्समध्ये तर रोजच्या सायकलवर हेल्मेट क्वचितच दिसतं, कारण तिथे सायकलींना वेगळे रस्ते आहेत. रस्ता सुधारायला पैसा लागतो, हेल्मेटचा नियम फुकटात होतो. म्हणून मला सक्तीचा राग येतो.

पण हा सगळा हिशेब शहराचा झाला. पडणाऱ्या माणसाचा हिशेब वेगळा असतो. जखमी झालेल्या चौसष्ट हजारांहून जास्त सायकलस्वारांची माहिती एकत्र करून २०१६ मध्ये एक अभ्यास झाला. हेल्मेट असलेल्यांमध्ये डोक्याला गंभीर इजा होण्याची शक्यता सुमारे ६९ टक्क्यांनी कमी निघाली. कायद्याच्या विरोधात बोलणारे (माझ्यासारखे) हा आकडा हळूच गिळतात.

"ट्रकने उडवलं तर ते थर्माकोल काय करणार?" हा तुमचा आवडता प्रश्न. फार काही करणार नाही, कबूल. ते त्यासाठी बनवलेलंच नाही. युरोपातल्या चाचणीत हेल्मेट साधारण दीड मीटरवरून सपाट लोखंडावर टाकून पाहतात. दीड मीटर म्हणजे जवळजवळ तुमच्या डोक्याची उंची. आणि तुम्ही गेल्या वेळी पडलात ते कसे? सायकल थांबलेली, पाय टेकवताना तोल गेला, आजूबाजूला एक गाडी नाही. कोपरावर निभावलं. हेल्मेट नेमकं अशाच पडण्यासाठी असतं, बाबा.

त्यात तुमची रक्त पातळ करणारी गोळी. वयाबरोबर मेंदू थोडा आकसतो, त्यामुळे मेंदूवरून कवटीकडे जाणाऱ्या बारीक शिरा ताणलेल्या राहतात. साध्या आपटण्यानेही एखादी फाटू शकते, रक्त हळूहळू साचत जातं, आणि कधी कधी लक्षणं दिसतात ती दोन-तीन आठवड्यांनी. तोवर माणूस "मला काही झालं नाही" म्हणत हिंडत असतो. तुम्ही नक्की तसंच म्हणाल.

सायकल सोडा असं मी म्हणत नाहीये, आई म्हणाली तरी. सायकल बंद झाली तर तुम्ही दिवसभर टीव्हीसमोर बसाल, ते जास्त वाईट.

जपानने १ एप्रिल २०२३ पासून एक छान पळवाट काढली आहे: सर्व वयाच्या सायकलस्वारांनी हेल्मेट घालण्याचा प्रयत्न करावा, नाही घातलं तर दंड नाही. घरापुरता आपण तोच कायदा करू. फक्त आईला पोलिसाचे अधिकार.

आई, तुझ्यासाठी सूचना. हेल्मेट मागे ढकलून टोपीसारखं घालू देऊ नकोस. भुवयांच्या वर दोन बोटं, एवढंच कपाळ दिसलं पाहिजे. हनुवटीखालच्या पट्ट्यात एखादं बोट जाईल इतकाच सैलपणा. एकदा जोरात आपटलं की वरून धड दिसलं तरी फेकून द्यायचं, आतला फोम दबलेला असतो. म्हणून दादाचं जुनं माळ्यावरचं काढू नका, ते किती वेळा आपटलंय हे त्यालाही आठवत नसेल.

रविवारी सकाळी व्हिडिओ कॉल करते. तोवर खोकं खाली काढून ठेवा, पट्टा मी समोर बसून लावून घेईन.

तुमची,
धाकटी