आराखड्याआधी मुलांसोबत चाला

शाळांभोवतीचे रस्ते मुलांसाठी नव्याने आखण्याच्या निर्णयाची बातमी वाचली. निर्णय स्वागतार्ह आहे. मात्र आराखडा तयार झाल्यावर ‘हरकती व सूचना’ मागवणे हा क्रम उलटा वाटतो. पहिलीतल्या मुलाची नजर उभ्या मोटारीपलीकडे पोहोचत नाही. रस्ता दिसावा म्हणून ते दोन पावले पुढे येते, ते नेमके वाहनांच्या वाटेत. ही जागा नकाशावर सापडत नाही. शाळा सुटताना मुलांबरोबर चालले की लगेच सापडते.

ताशी ३० किलोमीटरचा वेग ५० वर गेला की वाहनाची गतिज ऊर्जा जवळपास पावणेतीन पट होते. वेगमर्यादेचा फलक हवाच, पण नुसत्या फलकाने वेग उतरत नाही. इटलीतील बोल्झानो शहराने १९८९ पासून शाळा भरताना-सुटताना समोरचा रस्ता वाहनांना बंद ठेवायला सुरुवात केली. असा प्रयोग खडूच्या रेघा आणि शंकू मांडून पंधरा दिवस सहज करता येईल. मुले, पालक, व्हॅनचालक आणि शेजारचे रहिवासी (ज्यांच्या गाड्या तिथेच उभ्या असतात, तेही) यांनी तो पाहावा, बदल सुचवावेत. काँक्रीट त्यानंतर ओतावे.

— एक पालक