विज्ञान दिन झाला, आता मार्चचं काय?

संपादक महोदय,

२८ फेब्रुवारीला शाळेत रामन यांच्या फोटोला हार घालायचा, कोणा पाहुण्यांचं भाषण ऐकायचं, खायचा सोडा आणि व्हिनेगरवाला तो ज्वालामुखी फसफसवायचा, फोटो ग्रुपवर टाकायचे की झालं, विज्ञान पुढच्या फेब्रुवारीपर्यंत कपाटात. रामन परिणामाचा शोध १९२८ चा, दिवस साजरा होतोय १९८७ पासून, माझी त्याबद्दल काहीच तक्रार नाही. पण लगेच मार्च लागतो आणि मार्च म्हणजे परीक्षा, म्हणून खरं तर ज्या महिन्यात सांगण्यासारखं एवढं आहे तो कोरडाच जातो.

आता बघा, ११ मार्च १८८६ ला आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या. त्याच्या चारच वर्षं आधी, २४ मार्च १८८२ ला बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉखने क्षयाचा जंतू सापडल्याचं जाहीर केलं होतं, म्हणून तर २४ मार्चला क्षयरोग दिन असतो. आणि आनंदीबाई १८८७ च्या फेब्रुवारीत पुण्यात गेल्या त्या क्षयानेच, वय अवघं २१. जंतू माहीत झाला होता पण त्याच्यावर चालणारं औषध यायला अजून साठेक वर्षं जायची होती. या दोन तारखा एकाच तासाला मुलांना सांगितल्या तर शोध लागणं आणि पेशंट बरा होणं यात केवढं अंतर असतं ते वेगळं शिकवावं लागणार नाही. १५ मार्चला हाफकिन यांचा जन्मदिवस, मुंबईत प्लेगची लस बनवून जानेवारी १८९७ मध्ये आधी स्वतःलाच टोचून घेणारा माणूस, परळच्या संस्थेला नाव त्यांचंच, पण मुंबईतल्या किती शाळांना ही तारीख ठाऊक असेल?

१४ मार्चचा पाय डे (गणितातल्या π चा दिवस) मात्र हल्ली इन्स्टावर जोरात असतो. तो अमेरिकन पद्धतीने महिना आधी लिहिला तरच ३.१४ जमतो, आपल्या पद्धतीने २२/७ म्हणजे २२ जुलै जास्त बरोबर, असो.

माझा खरा मुद्दा विषुवदिनाचा आहे, म्हणजे दिवस-रात्र जवळपास सारखे असतात त्या २०-२१ मार्चचा. याला ना पाहुणे लागतात ना वर्गणी. सपाट जागेत एक मीटरची काठी सरळ उभी करायची (ओळंबा लावून बघा, नाहीतर सगळंच चुकतं) आणि भर दुपारी तिची सगळ्यात आखूड सावली मोजायची. पुण्यात ती साधारण ३३ सेंटीमीटर भरते, नागपुरात ३९ च्या आसपास, आणि त्या सावलीवरून जो कोन निघतो तेच आपल्या गावाचं अक्षांश. दहावीच्या पोरांना टॅन थीटा पाठ असतो, तो वापरतात कुठे हे एकदा उन्हात उभं राहून कळू दे की. पेपर असला तरी अर्ध्या तासाचं काम आहे.

फक्त एक गोची आहे, सूर्य बरोबर १२ ला सगळ्यात उंच येत नाही. पुण्यात त्या दिवशी १२ वाजून ४० मिनिटांच्या जरा पुढे, नागपुरात १२:२० च्या सुमारास, आणि हे माहीत नसल्यामुळे लोक १२ ला मोजतात नि आकडा जुळत नाही म्हणून सोडून देतात. तुमच्या पेपरात रोज सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळा छापून येतातच, त्या दोन्हींची मधली वेळ म्हणजेच ही दुपार. तेव्हा यंदा १९ मार्चच्या अंकात जिल्ह्यानुसार ही वेळ एका छोट्या चौकटीत छापाल का? सोबत सावली किती भरेल ते मात्र छापू नका, ते पोरांना मोजू द्या.

– एक वाचक, पुणे