शेवटच्या डावाचा धनी

महोदय,
बेसबॉलमध्ये रिलीफ पिचरची, म्हणजे सामन्याच्या मध्येच बदली येणाऱ्या चेंडूफेक्याची, गत ठरलेली. सामना राखला तर कौतुक दुसऱ्याचे, घालवला तर खापर याच्या माथी. पनामातल्या मच्छीमाराचा मुलगा मारियानो रिव्हेरा याला सणसणीत अपवाद. १९९५ ते २०१३ न्यूयॉर्क यांकीजकडून ६५२ ‘सेव्ह’ (शेवटी येऊन संघाची आघाडी राखणे), तेही मुख्यतः एकाच प्रकारच्या चेंडूच्या जोरावर! त्याचा ‘कटर’ ऐन वेळी डावखुऱ्या फलंदाजाच्या अंगावर वळे आणि बॅटचे तुकडे होत. २००१ च्या वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे अजिंक्यपदाच्या अंतिम मालिकेचा, सातवा आणि निर्णायक सामना मात्र त्याच्याच हातून निसटला. तरीही २०१९ मध्ये हॉल ऑफ फेमसाठी (बेसबॉलमधील थोरांच्या सन्मानयादीसाठी) त्याला ४२५ पैकी ४२५ मते पडली. इचिरो सुझुकीसारख्या फलंदाजाचीही पुढे निवड झाली, पण सर्वच्या सर्व मते मिळवणे एका मताने हुकले. आयपीएलच्या गर्दीतून क्रीडापानावर अशांसाठीही कधी चार ओळी काढाव्यात, ही विनंती.
– एक वाचक, नाशिक