पोर्ट माझं उघडंच आहे, अडतंय तुमच्याकडे

प्रति,
ग्राहक सेवा प्रमुख,
ब्रॉडबँड विभाग

विषय : न सांगता सार्वजनिक आयपी पत्ता (इंटरनेटवर बाहेरून थेट गाठता येणारा पत्ता) काढून घेतल्याबद्दल आणि दोष माझ्या राउटरवर ढकलल्याबद्दल.

महोदय,

सांगलीत माझा हळदीचा व्यापार आहे. सौद्यासाठी महिन्यातून एकदा तरी निजामाबाद नाहीतर इरोड गाठावं लागतं. तिथून गोदामातले कॅमेरे आणि ऑफिसच्या कॉम्प्युटरवरचा हिशेब मोबाइलवर बघता यावा म्हणून त्या कॉम्प्युटरवर वायरगार्ड, म्हणजे बाहेरून सुरक्षित जोडणी देणारं व्हीपीएन सॉफ्टवेअर, बसवलं आहे. बाहेरून आत यायला वाट एकच, यूडीपी पोर्ट ५१८२० (पोर्ट म्हणजे जोडणीचं नंबर दिलेलं दार). चावी नसलेल्याला वायरगार्ड उत्तरसुद्धा देत नाही, त्यामुळे कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारा डीव्हीआर उघड्यावर ठेवण्यापेक्षा हे कधीही बरं. दोन वर्षं काही कुरकुर नव्हती. ५ जूनला तुमच्याच माणसाचा फोन आला, म्हणून मी १०० एमबीपीएसचा प्लॅन सोडून २०० चा घेतला. त्याच रात्री बाहेरून आत येणारी ही जोडणी बंद.

त्यानंतर तीन तंत्रज्ञ येऊन गेले, प्रत्येक खेपेचे ३५० रुपये. पहिल्याने माझ्याशी बोलायच्या आधीच दातकोरणं घालून राउटरचं रिसेट बटण दाबलं. दोन वर्षांची सेटिंग्ज गेली, ती परत भरायला माझा रविवार गेला. दुसऱ्याने डीएमझेड चालू करून ऑफिसचा कॉम्प्युटर अख्ख्या इंटरनेटसमोर उघडा टाकला. ते मी त्याच रात्री बंद केलं. तिसरा म्हणाला, डीव्हीआर बदला. अहो, हिशेबाचा कॉम्प्युटरही लागत नाही, त्यात डीव्हीआरचा काय संबंध?

शेवटी मीच बसलो. मोबाइलचं वायफाय बंद करून सिमच्या डेटावरून जोडणी लावत राहिलो आणि राउटरवर ५१८२० ला येणारी डेटाची पाकिटं मोजली. दहा मिनिटांत शून्य. म्हणजे पाकीट माझ्या दारापर्यंत पोचतच नव्हतं. मग राउटरचं वॅनचं, म्हणजे बाहेरच्या जोडणीचं, पान उघडलं. तिथे पत्ता १०० ने सुरू होणारा, पुढचा आकडा ८१. बाहेरच्या वेबसाइटला मात्र माझा पत्ता वेगळाच दिसत होता. १००.६४ ते १००.१२७ हा पट्टा २०१२ साली खास सेवा पुरवठादारांच्या आतल्या वापरासाठी राखून ठेवला आहे, हे तुमच्या तंत्रज्ञांना ठाऊक असायला हरकत नव्हती. थोडक्यात, नव्या प्लॅनबरोबर तुम्ही मला सीजीनॅटच्या, म्हणजे अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्याआड ठेवणाऱ्या यंत्रणेच्या, मागे नेऊन बसवलं.

आमच्या धंद्याच्या भाषेत सांगतो. राउटर एक वही ठेवतो. आतल्या कोणत्या यंत्राने कोणत्या पोर्टवरून बाहेर काय पाठवलं याची जावक नोंद तीत असते, आणि त्या नोंदीशी जुळणारीच आवक आत घेतली जाते. न बोलावता आलेलं पाकीट कोणाचं हे कळत नाही, म्हणून ते टाकून दिलं जातं. पोर्ट फॉरवर्डिंग म्हणजे आवकेची एक कायमची नोंद आधीच हाताने करून ठेवणं. ती माझ्या वहीत आहे. पण आता माझ्या राउटरच्या पुढे तुमची तशीच दुसरी वही आली आहे, एकच सार्वजनिक पत्ता कित्येक ग्राहकांत वाटणारी. तीत मला ओळ लिहिता येत नाही आणि तुम्ही लिहीत नाही. अशात माझा राउटर शंभरदा रिसेट केला तरी काय होणार? हल्ली दर दुसरी वेबसाइट मला मी माणूस असल्याचा पुरावा मागते, तेही बहुधा या सामाईक पत्त्याचंच फळ.

पत्त्यांची टंचाई मी नाकारत नाही. आयपीव्ही ४ चे, म्हणजे जुन्या पद्धतीचे, पत्ते मुळात सुमारे ४२९ कोटी, आणि त्यांचा जागतिक साठा फेब्रुवारी २०११ मध्येच वाटून संपला. पण मग प्लॅन विकताना तसं सांगायचं होतं. १०० वरच राहिलो असतो. कॅमेरे बघायला २०० लागत नाहीत. दुसरं, माझ्या मोबाइलला आयपीव्ही ६ चा, म्हणजे टंचाई नसलेल्या नव्या पद्धतीचा, पत्ता मिळतो, तुमच्या फायबरवर मात्र तो अजून नाही. तो दिलात आणि आत येणारी वाट अडवली नाहीत, तर माझं काम त्यावरही भागेल.

तेव्हा मला पूर्वीसारखा सार्वजनिक पत्ता किंवा वर म्हटल्याप्रमाणे आयपीव्ही ६ द्यावा. स्थिर पत्त्याचे वेगळे पैसे मी भरणार नाही, कारण मला स्थिर नकोच आहे. बदलता पत्ताही चालत होता. तीन खेपांचे १,०५० रुपये पुढच्या बिलात वळते करावेत. प्लॅन बदलताना पत्ता बदलला, एवढं लेखी मान्य करावं. आठ दिवसांत उत्तर आलं नाही तर दूरसंचार ग्राहक तक्रार निवारण विनियम २०१२ प्रमाणे तुमच्या अपील प्राधिकरणाकडे जाईन. तक्रार क्रमांक तिन्ही जपून ठेवले आहेत.

या महिनाअखेरीस मला इरोडला निघायचं आहे, त्याआधी हे व्हावं. आणि कृपया चौथा तंत्रज्ञ पाठवू नये. त्याला माझ्याकडे काही काम नाही.

आपला,
एक ग्राहक, सांगली

सोबत : वॅन पानाचा फोटो, पाकिटांच्या मोजणीचा स्क्रीनशॉट, तीन पावत्या.